रजा मंजूर

टाळ्या वाजल्या. जोरात. डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, मी टेबलासमोर सावधान उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मुलं टाळ्या वाजवत होती.

"दिदी, फाटाफाटी!" मागून एक बंगाली मुलगा ओरडला. म्हणजे एकदम झकास.

मी नुकतंच म्हणाले होते, "माझी आई चाललीय, सर. मला जाऊ द्या."

सर नौदलातून निवृत्त झालेले. आपले मराठीच. कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या घरात, तळमजल्यावर, नौदलात अधिकारी व्हायला निघालेल्या कॉलेजच्या मुलांना शिकवायचे. कुठली शाखा निवडायची, बढती कशी मिळत जाते, हे सगळं. भिंतीवर त्याचा मोठा तक्ता. मी वर स्वयंपाक करायची, खाली चहा द्यायची. माझी शाळा आठवीत सुटली. उमरग्याजवळच्या गावातून सरांच्या बायकोनं, काकूंनी, मला इथं आणलं. "दहावीला बसवते तुला," म्हणाल्या होत्या. एवढ्या मोठ्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारी ही दोनच माणसं. त्यांनी नुसती हाक मारली तरी मला भरून यायचं. माझा कप वेगळा, खिडकीत पालथा. मी मनाला सांगायची, ठरलेला कप बरा, शोधावा लागत नाही.

शनिवारी सराव असायचा. हाताखालचा खलाशी अडचण घेऊन आला तर अधिकाऱ्यानं त्याचं कसं ऐकायचं, याचा. एक मुलगा अधिकारी होऊन टेबलामागे बसे. खलाशी व्हायला कुणीच तयार नसे. "हिला घ्या," सर म्हणाले. तेव्हापासून मीच खलाशी. टोपी घालायची, सलाम ठोकायचा, पाठ केलेलं बोलायचं. "माँ बीमार है, सर. छुट्टी चाहिए." मुलगा चार प्रश्न विचारी, मग "मंजूर" म्हणे. मी टोपी ठेवून कप गोळा करी.

आणि मग आई खरंच पडली. मूत्रपिंडं निकामी झाली. भावाचा फोन आला. मी सरांना विचारलं. ते पेपर वाचत होते.

"बॅच संपू दे. आम्ही एवढं केलं तुझ्यासाठी, तुलाही काही कळायला हवं."

मी मान हलवली. वाटलं, खरंच आहे, एवढं केलंय.

आई फोनवर म्हणाली, "कवा येतीस गं?"

"यांचं झालं की येते."

"बरं. त्यांचं खोळंबू नको, बाई."

त्या शनिवारी सकाळी भावानं सांगितलं, आता ती बोलत नाही. मी चहा घेऊन खाली गेले. कुणीतरी डोक्यावर टोपी ठेवली. पाठ केलेलं हिंदी आठवेना. मराठीच आलं तोंडातून.

टेबलामागचा मुलगा उठला. खुर्ची दिली, पाणी दिलं. "घर पे माँ के पास कौन है?" त्याला शिकवलं होतं तसंच. "आप आज ही निकलिए. छुट्टी मंजूर." त्या घरात माझ्या आईची एवढी चौकशी त्यानंच पहिल्यांदा केली. त्याला वाटलं, सराव चाललाय.

सर मुलांना म्हणाले, "देखा? आदमी पहले, काम बाद में." मग माझ्याकडे वळले, मराठीत. "छान केलंस. पुन्हा कर, आता दुसरा बसेल."

"मी खरं बोलले, सर."

"कळलं गं मला. घरातलं वर गेल्यावर बोलू. घाल टोपी."

कळलं होतं. त्या खोलीत माझी भाषा कळणारा एकच माणूस, आणि त्याला शब्द न् शब्द कळला होता. भावाच्या फोननंही झालं नव्हतं ते तेव्हा झालं. माझ्या आत काहीतरी तुटलं.

मी टोपी टेबलावर ठेवली.

"पुन्हा नाही होणार, सर. मला आई एकच आहे. आणि रजा मंजूर झालीय, तुमच्यासमोर."

 मी वर जाऊन पिशवी भरली. हावडा गाठलं, जनरल डब्यात दाराशी बसले. नागपूर गेल्यावर फोन आला. मी उचलला नाही. कळलं होतं. घरी पोचले तर तिच्या अंघोळीचं पाणी तापवलेली अंगणातली चूल विझलेली होती. भावानं विचारलं, "दोन दिस आधी निघता आलं नसतं का गं?"

नंतर काकूंचा फोन. "असं निघून जातात का? काय कमी केलं होतं आम्ही?"

काही कमी नाही केलं. छप्पर दिलं, परमुलखात माझी भाषा दिली. विसरणार नाही. पण आईचं शेवटचं तोंड त्यात गेलं. फिटलं सगळं.

मी कोलकात्यालाच परत आले. डमडमला एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. दहावीची पुस्तकं आणलीत. कुणी बसवायची वाट बघत नाही, मीच बसणार आहे. पहिल्याच दिवशी मेसच्या बाईंना सांगितलं, "घरचं कुणी आजारी पडलं तर मी जाईन. विचारणार नाही. सांगून जाईन."

जिच्यासाठी जायचं ती आता नाही. तरी सांगितलं.