आबांचा उभा गहू

आपल्या मालकीच्या वस्तूत काही वाईट असू शकतं, हे जन्मात कबूल न करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आईचे थोरले मामा. शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांची विहीर चैत्रात कोरडी पडली, की आबा म्हणत, "पानी शे, पन खोल शे." त्यांचा एक बैल औत ओढता ओढता मध्येच बसकण मारायचा; तो आबांच्या मते विचारी होता. घर गळायला लागलं की आल्यागेल्याला ते कौतुकाने विचारत, "कसा गारवा शे?" भरताची वांगी तर जगात फक्त त्यांच्याच वावरात पिकत. मामीआजी बिचाऱ्या डोक्याला हात लावून बसत.

एका फाल्गुनात, ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट झाली आणि गावाचा सगळा गहू आडवा झाला. दिवस इंग्रजी अमदानीचे. मामलेदार येऊन पिकाची आणेवारी ठरवणार, ती पुरेशी खाली उतरली तरच शेतसाऱ्यात सूट मिळणार. नाहीतर बैल विकून सारा भरायची पाळी. मी तेव्हा पाचोऱ्याला मास्तर होतो आणि सुटी काढून आलो होतो. बघतो तर गावाला गारांपेक्षा आबांचीच धास्ती जास्त, कारण त्यांचं वावर नेमकं रस्त्याला लागून. शेवटी पाटलांनी त्यांना मारुतीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली, की साहेबापुढे अवाक्षर काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरावर पोचलो, तर आबा धोतर खोचून, गव्हाचं मोडलेलं एकेक ताट ओल्या मातीत रोवत होते. रस्त्याकडेचा सबंध पट्टा ताठ उभा!

"आबा, हाई काय करी ऱ्हायनात?" पाटील किंचाळले.

"पाव्हना यी ऱ्हायना. त्याले वावर आसं पडेल दखाडू का?"

येणाऱ्या पाहुण्याला आपलं वावर पडलेलं दाखवायचं आबांच्या जिवावर आलं होतं. तोंडाची शपथ घेतली होती, हातांची घ्यायची राहून गेली होती. आता ते सगळं उपटावं म्हणेपर्यंत मामलेदारांचं घोडं आलंच. ते उतरले, पट्ट्याकडे बघून म्हणाले, "पाटील, या गावात तर पीक उभं आहे!"

सूट गेलीच, असं सगळ्यांना वाटलं. आबा मात्र खूश. पण शपथेला जागून गप्प. दाणा बघायला मामलेदारांनी एक ओंबी धरली, तर मोडकं ताटच हातात आलं. दुसरं ओढलं, तेही आलं.

"हा काय प्रकार?"

पाटलांनी अडखळत सगळं सांगितलं. मामलेदार हसायला लागले आणि आबांच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघून हसायचे थांबले. मग खाली वाकून त्यांनी ती दोन्ही ताटं होती तिथे पुन्हा रोवली, माती दाबली, आणि कारकुनाला म्हणाले, "सबंध गावाला सूट लिहा."

गाव नाचायचंच बाकी होतं. लोक पांगल्यावर मी आबांना घरी न्यायला गेलो, तर ते बांधावर बसलेले.

"चला आबा, सूट मिळाली ना!"

"भेटनी, बरं जयं," ते म्हणाले. "पन साहेबनी मना गहू पडेल दखा, भाऊ."

आणि साहेबाने आपला पडलेला गहू पाहिला, म्हणून ते चिखलाच्या हातांनीच डोळे पुसायला लागले. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "आबा, पण काय गहू होता तुमचा!"