बोकिलाची हॉकी

नरेंद्र बोकील मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी एका इंजिनिअरिंग कंपनीत आमची टेबलं शेजारी होती. १९७८ साली इंटरव्ह्यूत डेनिससाहेबाने छंद विचारला, तेव्हा हा म्हणाला, "कॉलेजच्या टीममधून हॉकी खेळलोय." खेळला होता, अमरावतीला, मातीच्या मैदानावर, फुलबॅक म्हणून, आणि बहुतेक वेळा राखीवच. पण अमेरिकन माणसाची हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि डेनिस तिच्यापायी वेडा. भारतातला बचावपटू सापडला म्हणून तो हरखलाच. अमरावतीत बर्फ रसवंतीतच मिळतो हे बोकिलाने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आठ वर्षं ती मूठ झाकलेली राहिली. सोमवारी सकाळी संडासात बसून हा क्रीडापान पाठ करायचा आणि दहा वाजता तेच डेनिसला ऐकवायचा. आम्हा मराठी मंडळींना सगळं ठाऊक होतं. मीही गप्पच बसलो.

१९८६ मध्ये नव्या सेक्शनला प्रमुख नेमायचा होता. बोकील किंवा उत्तरा साळवे. उत्तरा नागपूरची, इथेच अमेरिकेत ॲन आर्बरला शिकलेली, सव्वीस वर्षांची, बोकिलाच्या हाताखाली. ड्रॉइंग्ज ती करायची, सही हा ठोकायचा.

त्याच महिन्यात आमच्या भागातल्या व्यावसायिक संघाची प्लेऑफची मालिका रंगली. तीन-तीन अशी बरोबरी. प्रतिस्पर्ध्यांचे सर्वांत भारी तीन आक्रमक बर्फावर उतरले, की आमचा कोच त्यांच्यासमोर वीस-वीस वर्षांचे दोन बचावपटू सोडायचा.

"चूक आहे," बोकील डेनिसला म्हणाला. "डिफेन्सला एक्स्पिरियन्स लागतो. कोवळी पोरं शेवटच्या पीरियडला ढेपाळतात. ऑफिसातही तेच." उचलली जीभ, लावली टाळ्याला! उत्तरा समोरच उभी होती. मला किळस आली.

सातव्या, निर्णायक सामन्याला डेनिस आम्हा दोघांना घेऊन गेला. पोरांनी त्या तिघांना श्वास घेऊ दिला नाही. पक, म्हणजे त्यांची रबरी चकती, कोपऱ्यात गेला की पोरं आधी पोचलेली. शेवटच्या पीरियडला ते नामांकित तिघे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते आणि पोरं नुकतीच न्याहारी करून आल्यासारखी पळत होती. दोन-शून्यने आम्ही जिंकलो. बोकील मात्र रेफरीला शिव्या देत बसला.

सोमवारी डेनिस बोकिलाच्या टेबलाशी आला. "सेक्शन उत्तराला देतोय. तू स्वतः डिफेन्स खेळलेला माणूस. खेळातली तरणी पोरं तुला ओळखता येत नाहीत, तर इथली कशी येणार?"

बोकिलाचा चेहरा पडला. "डेनिस, ऐक, मी मातीवर खेळलोय! आइसचं मला काही कळत नाही!" आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला तो, तेही खुर्ची वाचवायला.

डेनिसने टेबलावरची ड्रॉइंग्ज उचलून विचारलं, "आणि ही? ही तरी तुझी आहेत ना?"

बोकील माझ्याकडे वळला आणि मराठीत घाईघाईने म्हणाला, "गिरीश, सांग ना यार. आपला माणूस ना तू?"

आठ वर्षं मी याच दोन शब्दांपायी गप्प बसलो होतो. मला त्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त माझी.

"उत्तराची," मी डेनिसला सांगितलं. "सगळी."