झांजा आणि डावा पाय

आमच्या घरी गणपतीच्या आरतीला झांजा कोणी घ्यायच्या, यावरून कधी वाद झाला नाही. आमचे हे सोडून कुणीही. ह्यांच्या हातात तबक. एखाद्या पाहुण्याने आग्रहाने झांजा पुढे केल्याच, तर हे हात मागे घेत आणि म्हणत, "माझा ताल कच्चा आहे हो." एखाद्याने आपल्याला दूध पचत नाही म्हणून सांगावं, इतक्या सहज. भजनात टाळी नाही, लग्नाच्या वरातीत मान डोलावणं नाही. चाळीस वर्षं असंच चाललं. आणि ताल कच्चा असल्याचा निकाल दिला होता मी. वय बावीस, अधिकार शून्य.

शून्य असं आज म्हणते. तेव्हा मला तो भरपूर आहे असं वाटत असे.

त्याचं कारण पुण्यातलं मुलींचं वसतिगृह. माझ्या खोलीतल्या मुलीचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने एकदा पेटीसारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर आणि सहा छोट्या तबकड्या आणल्या. अमेरिकेत ती गाणी पाच-सहा वर्षांपूर्वी गाजून शिळी झाली होती, आमच्याकडे ताजी होती. सगळी दोन-अडीच मिनिटांत संपणारी. मागे कुणीतरी पियानोवर हातोडा मारतंय असा आवाज, आणि गाणाऱ्याला मधेच उचकी लागल्यासारखं व्हायचं. शब्द आम्हाला कळत नसत आणि त्याची कुणाला खंतही नव्हती. रविवारी चार वाजता रेक्टरबाई कीर्तनाला गेल्या की आम्ही खाटा भिंतीला लावायचो.

कॅम्पातल्या एका मुलीला तो नाच येत होता. तिने दोन रविवार आम्हाला शिकवलं आणि तिसऱ्या रविवारी तिचा साखरपुडा झाला. त्या दोन रविवारांत मी पुरुष होते. पाच फूट सात इंच उंचीची मुलगी खोलीत असताना पुरुष कोण, हे ठरवावं लागलं नाही. मी अंगात रेनकोट घालायचे, काजळाने मिशी काढायचे, आणि डावा हात उंच करून त्याखालून एकेकीला गरकन फिरवायचे. शिकवणारी गेल्यावर मीच शिक्षिका झाले. माझं नृत्यशास्त्र एका ओळीचं होतं: मी डावा पाय मागे टाकते, समोरचीने माझ्या उलट करायचं. सगळ्या करायच्या. निम्मं वसतिगृह माझ्या हाताखालून फिरून गेलं, तेव्हा माझं चुकत असेल ही शंका मला येणार कुठून?

मग लग्न झालं. हे पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते, आणि माझ्यापेक्षा दोन बोटं बुटके. दाखवायच्या कार्यक्रमात मला आल्याबरोबर बसवलं होतं आणि सगळे गेल्यावरच उठवलं. खरा प्रकार उघड झाला तो मंगलाष्टकांच्या वेळी. अंतरपाटावरून माझं कपाळ दिसत होतं म्हणे.

लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात कारखान्याच्या हिरवळीवर संमेलन होतं. परदेशातून मशिनं बसवायला आलेल्या पाहुण्यांनी तबकड्या लावल्या. पहिलंच गाणं आमच्या सहांपैकी निघालं. मी खुर्चीत टाच आपटत बसले होते, तर हे समोर आले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "चल." मी हरखले. हे महिनाभर जेवणाच्या सुट्टीत टूलरूममध्ये एका सहकाऱ्याकडून नाच शिकत होते, हे मला पुढे त्या सहकाऱ्याच्या बायकोने सांगितलं.

आम्ही उभे राहिलो. मी डावा हात पुढे केला, ह्यांनीही डावाच केला. मी डावा पाय मागे टाकला, ह्यांनीही डावाच. दोन पावलांत गुडघे आपटले. मग मी ह्यांना हाताखालून फिरवायला गेले आणि त्याच क्षणी हे मला फिरवायला आले. माझं कोपर लागून ह्यांचा चष्मा गवतात पडला. आजूबाजूचे हसले. अशा वेळी शहाणी बाई चष्मा उचलून देते. मी चार माणसांत, शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "ताल कच्चा आहे तुमचा."

ह्यांनी चष्मा शोधला, रुमालाने पुसला. म्हणाले, "असेल."

एवढंच. आम्ही चहाला गेलो.

आमचा मुलगा इंजिनियर होऊन गेर्लिंगेनला नोकरीला लागला. जर्मनीत युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्याला मुलगी झाली आणि आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो. तिथे बिल्डिंगचा जिना रहिवाशांनीच झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर एक लाकडी पाटी लटकते. या पाळीला केअरवोखं म्हणतात. सून बाळंतीण, म्हणून पाटी आली तशी झाडू मी घेतला. झाडणं मला काय कोण शिकवणार, असा माझा समज होता. तळमजल्यावर सत्तरीच्या एक विधवा बाई राहायच्या. त्या दार उघडून उभ्या राहिल्या आणि बोटाने कोपरे दाखवू लागल्या. एक कोपरा झाला की "गेनाऊ," म्हणायच्या, म्हणजे बरोबर, आणि लगेच पुढचा दाखवायच्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. त्यावर आमच्या सहांपैकी एक लागलं. मी झाडत राहिले, पण पाय काय ऐकतात? बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, झाडू काढून घेतला, भिंतीला टेकवला आणि हात पुढे केला. तरुणपणी त्या अमेरिकन सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये कामाला होत्या. नाचही तिथलाच, इंग्रजीही तिथलंच. जिन्याखालच्या चार फरश्यांवर आम्ही ते गाणं पुरं केलं. एकदाही गुडघा लागला नाही. मी शेखी मिरवत म्हटलं, बघा, आमच्या वेळचं शिक्षण. त्या धापा टाकत हसल्या आणि म्हणाल्या, "छान. तू पुरुष आहेस."

मी म्हटलं, हो, उंचीमुळे. त्यांनी मला समजावून दिलं: डावा पाय मागे टाकतो तो पुरुष, बाई टाकते उजवा. हाताखालून फिरवतो तोही पुरुषच. दोघं पुरुष झाले तर अपघात होतो, असं म्हणून त्यांनी दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या.

त्या आपटलेल्या मुठी बघताना मला हिरवळ दिसली, गवतातला चष्मा दिसला. हे बरोबर नाचत होते. महिनाभर टूलरूममध्ये घाम गाळून शिकलेलं, जसंच्या तसं. पुरुष तर तेच होते.

मी वर गेले. हे नातीला मांडीवर घेऊन बसले होते. सांगावं असं ठरवलं होतं. मग म्हटलं, आधी चहा करू. मग म्हटलं, रविवारी सांगू. साठी उलटलेल्या बाईला सबबी शोधायला अडचण पडत नाही. सकाळी आम्ही दोघं द्राक्षांच्या मळ्यांतून टेकडीवर फिरायला जायचो, हे पुढे आणि मी मागे, आणि ह्यांच्या पावलांचा एकसारखा ठेका ऐकत मी रोज ते वाक्य तोंडात घोळवायचे नि गिळायचे. असा महिना गेला.

दरम्यान खालच्या बाई मला दर गुरुवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये नेऊ लागल्या होत्या. तिथे म्हाताऱ्यांचा नाच असे, कॉफी आणि केकसह. बायका पंचवीस, पुरुष तीन, त्यांतला एक काठीवाला. उंच, पुरुषाचं नाचणारी, काठी नसलेली मी म्हणजे त्यांना लॉटरीच. साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून मी सगळ्या विधवांना फिरवत होते. घरी मात्र मी "भिशीसारखं असतं काहीतरी," एवढंच सांगितलं होतं.

एका गुरुवारी बाईंनी ह्यांनाही ओढून आणलं. हे केकच्या टेबलाशी बसले. मी दोन गाणी अंग चोरून नाचले. हे पायांकडे बघत होते. इंजिनियर माणूस, चालतं यंत्र दिसलं की बघतोच. तिसऱ्या गाण्याला बाई ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी तेच उत्तर इंग्रजीत दिलं, माझा ताल कच्चा आहे. बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

हे उठले. चष्मा सारखा केला. डावा हात पुढे, डावा पाय मागे. पहिल्या काही पावलांना अडखळले, मग चाळीस वर्षांपूर्वीचं टूलरूममधलं सगळं पायांत आलं. पुढे बाईंना हाताखालून फिरवलंसुद्धा. मी तोंडात केकचा घास धरून बसले होते. गाणं संपल्यावर बाईंनी ह्यांना विचारलं, ताल कच्चा आहे असं कोणी सांगितलं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या चढावर बाई पुढे गेल्या. मी म्हणाले, "अहो, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. हिरवळीवर. पुरुषाचं मीच करत होते."

हे चालत राहिले. म्हणाले, "तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही हो. इथे आल्यावर कळलं. त्या बाईंनी सांगितलं."

"कधी?"

"झाला एक महिना."

हे थांबले. "चाळीस वर्षं तुला माहीत नव्हतं, ते ठीक आहे," ते म्हणाले. "महिनाभर माहीत होतं."

मी बावीस वर्षांची असते तर इथेही काहीतरी बोलले असते.

पुढचे काही दिवस हे माझ्याशी बोलत होते, पण हवापाण्याचं, पासपोर्टचं, नातीच्या लंगोटांचं. टेकडीवर एकटे जाऊ लागले. केअरवोखंची पाटी पुन्हा आमच्या दारावर आली, तेव्हा माझ्याआधी उठून ह्यांनी जिना झाडला. खालून "गेनाऊ" असं चारदा ऐकू आलं. मुलाने विचारलं, आई, बाबांना काय झालंय? मी म्हटलं, ह्यांचा एक जुना हिशेब मी उशिरा दिला.

गणपती बसला तो रविवार होता. पुण्याहून कुणीतरी हातातल्या बॅगेतून आणलेली वीतभर मूर्ती, चौरंग म्हणून सुनेची शेगडीजवळची तिपाई. रविवारी तिथे आवाज करायचा नसतो, म्हणून मुलगा सारखा "हळू हं, हळू" म्हणत होता. खालच्या बाईंना बोलावलं होतं, म्हणजे तक्रार करायला घरी कुणी उरणार नाही. सुनेने सवयीने तबक ह्यांच्यापुढे धरलं.

हे म्हणाले, "ते तुझ्या सासूकडे दे." आणि हात पुढे केला. "झांजा आण."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी तबक घेतलं. मुलाने झांजा दिल्या, ह्यांनी दोऱ्या बोटांत नीट गुंडाळल्या, आणि आरती सुरू झाली.

आता खरं सांगते, आणि या वेळी वेळेवर सांगते. ह्यांचा ताल थोडा कच्चाच आहे. पावलांचा नाही, झांजेचा. दुसऱ्या कडव्यापासून हे पुढे धावू लागले. मुलगा मागे पडला, सून मधेच अडकली आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागली. चाळीस वर्षं आमच्या आरतीची चाल माझ्या टाळीवर चालत आलेली, तेव्हा मी काहीतरी करीन असं तिला वाटलं असावं. खालच्या बाईंना शब्द कळत नव्हते, पण त्या ह्यांच्या झांजेबरोबर टाच आपटत होत्या, बिनतक्रार.

मीही तबक डाव्या हातावर तोललं, उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि ह्यांच्या झांजेमागून पळू लागले. सून अजून बघत होती, म्हणून डोळे मिटून घेतले. भक्तिभावाने.