सोमवारी अकराचा फोन

दर सोमवारी सकाळी अकराला नरेशदादाचा फोन यायचा. मी वाशिंदच्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात, कॉम्प्युटरपुढे मान मोडत बसलेली. "सांग गो, आता मी कुठं हाय?" मागे पाण्याचा खळखळाट. स्वारी मुरबाडजवळ काळू नदीत पाय सोडून बसलेली असायची. वार मुद्दाम निवडलेला. "रविवारी काय, कुणीपण सुट्टी घेतो," म्हणायचा.

शहापूरच्या क्लासात नकाशे काढायला मला त्यानंच शिकवलं, तेव्हापासून तो माझा दादा. नोकरी मात्र त्यानं कधी धरली नाही. मुरबाडकडच्या फार्महाउसांचे नकाशे घरच्या ओटीवर बसून काढायचा. "आपला साहेब आपणच." भातलावणी आली की कॉम्प्युटर बंद. एकदा टायफॉइडनं तीन आठवडे आडवा झाला आणि हातातली सगळी कामं दुसरीकडे गेली. मी भेटायला गेले तर म्हणाला, "सुट्टी मागायला कुणी नाय गो. पण आजारी हाय, हे सांगायला पण कुणी नाय." मी वेडी, हसले.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिला दमा. शाळेतून फोन आला की साहेबापुढे जाऊन उभं राहणं माझ्या जिवावर यायचं. दादानं ते हेरलं. "सोड नोकरी. कंपनी बाहेरून काम देईल. नाय दिलं तर मी हाय ना." राजीनाम्याचा कच्चा मसुदासुद्धा त्यानंच लिहून दिला, आपल्या वळणदार अक्षरात. मी तो टाइप करून साहेबांना दिला. माझ्या खुर्चीचा एक पाय हलायचा. पुढे बसणाऱ्याला त्रास नको, म्हणून शेवटच्या दिवशी त्याच कच्च्या कागदाची घडी त्या पायाखाली सारली.

मुलगी खूश होती. आई घरात, खोकला आला की पाठ चोळायला हजर. पण दोन महिने काम म्हणून आलं नाही, आणि दादाचे सोमवारचे फोनही थांबले. त्याच्याकडे कामाची गर्दी असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटी एका सोमवारी बाहेरचं काम मागायला मीच कारखान्यात फोन लावला.

"ड्रॉइंग विभाग, बोला."

"दादा?"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "माझ्या पोरीला बघायला पाहुणे येतात. बाप काय करतो, इचारतात. घरी बसून नकाशे काढतो म्हटलं का एकमेकांकडं बघतात. माझा इलाज नव्हता गो."

"अर्ज कधी दिलास?"

"तुझा राजीनामा लिवला ना... त्याच दिवशी."

मागितली असती तर ती खुर्ची मी कदाचित त्याला दिलीही असती. त्यानं माझ्या लेकीचा खोकला पुढे केला आणि ती काढून घेतली. हे मला आजही माफ करता आलेलं नाही.

"खुर्ची हलते का रे दादा?" मी विचारलं.

"नाय."

"पायाखाली कागद आहे. काढून बघ. अक्षर तुझंच आहे."