चाळणखोलीच्या बंद दाराबाबत

अर्जदार: माझी पत्नी, राहणार आनंद नगर, भोपाळ. विरुद्ध: मोतिया चमक देणारी भुकटी बनवणारा कारखाना. घटना: याच उन्हाळ्यातली. साक्षीदार: चाळणखोलीतल्या चौघी बायका. अर्ज लिहिणारा: मी. शिक्षण आठवी, तरी कलेक्टर कचेरीबाहेर माझ्याइतका पक्का अर्जनवीस दुसरा नाही.

पूर्वी तिथे खाणीतला अभ्रक पाण्यात दळत. आता भट्टीत तयार केलेला कृत्रिम अभ्रक येतो. जास्त पांढरा, जास्त बारीक. त्यावर पातळ थर चढवला की मोटारीच्या रंगाला आणि लिपस्टिकला मोत्याची झळाळी येते. ही भुकटी वाऱ्याने उडते आणि बाहेरच्या धुळीने बिघडते, म्हणून चाळणखोलीचे दार पाळीभर बंद असते. पत्नी घरी येऊन खोकते तेव्हा तिचा रुमाल चमकतो. हवा खेचणारा पंखा बसवावा आणि दर तासाला दार उघडावे, एवढेच मी मालकांना लिहिले होते.

आठवड्याने कारखान्याचा मॅनेजर माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला. हातात माझाच अर्ज. मालकांनी त्याच्याकडे खुलासा मागितला होता. मी अर्जदाराचा नवरा, हे त्याला ठाऊक नव्हते.

"लिखनेवाला पक्का आदमी है," तो म्हणाला. "काट सकोगे?"

स्टुलावर बसलेल्याला परत पाठवायचे नाही, हा आमच्या धंद्याचा रिवाज. खरे सांगायचे तर रिवाजापेक्षा, माझाच अर्ज मला खोडता येईल का, या प्रश्नानेच मला बांधले. मी सात मुद्दे लिहिले. कृत्रिम अभ्रकात खाणीतली वाळू नसते, सबब अपाय नाही. दार उघडल्यास माल नापास होईल आणि बायकांचीच रोजी जाईल. पंखा भुकटी ओढून नेईल. मुद्द्यागणिक एकेक वाट मी बंद करत गेलो. अर्ज फेटाळला गेला.

खुलाशाची प्रत चाळणखोलीच्या दारावर चिकटवली गेली. पत्नीने मोबाइलवर त्या प्रतीचा फोटो काढून आणला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला.

"अहो, प्रत्येक मुद्दा 'तथापि'ने सुरू करणारा भोपाळात दुसरा कोण आहे?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पाळीला मात्र जाते. मी रोज प्रत्युत्तर लिहायला बसतो आणि मीच लावलेली कडी मला निघत नाही.

सबब पत्नीस सविनय विनंती की, त्या खोलीत ती असते, मी नाही; तरी सातांपैकी कोणता मुद्दा खोटा, ते तिने तोंडी सांगावे. एकही शब्द न बदलता मी उतरवून घेईन. उत्तर मिळावे.