कट्ट्यावरचं दूध

माझा बाप भाऊसो बारा वर्षं रोज सकाळी म्हैस घेऊन शिवाजी पेठेजवळच्या दूधकट्ट्यावर उभा राहायचा. गिऱ्हाइकासमोर थेट पेल्यात धार काढायची, त्यानं ते फेसासकट तिथंच प्यायचं, ही इथली रीत. मी पेले विसळायला सोबत असायचे. तालमीतला पैलवान उदयसिंह रोज दोन पेले रिचवायचा. बापाला मामा म्हणायचा. जात कुणी विचारली नव्हती आणि बापानंही सांगितली नव्हती.

गेल्या आठवड्यात आमच्या गावचे हंबीरराव कट्ट्यावर आले. बापाला बघून ओरडले, "आरं, ह्यो आमच्या बौद्धवाड्यातला भाऊसो की! ह्येच्या हातचं पिताय व्हय?"

उदयसिंहानं तोंडातलं दूध बापाच्या तोंडावर थुंकलं. पितळी बादली उचलून त्याच्या डोक्यात घातली. बाप पडला, तशी म्हशीची काठी उचलून त्याच्या उजव्या मनगटावर हाणायला लागला, धार काढायच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मधे पडले, तर माझ्या पोटात लाथ बसली. वीसएक माणसं गप उभी होती. सगळी आमची रोजची गिऱ्हाइकं. दावं तोडायला एकटी म्हैसच धडपडत होती.

"बाटवलंस आमास्नी!" उदयसिंह किंचाळत होता.

बाप उठून बसला. डोळ्यात रक्त उतरलं होतं, मोडका हात मांडीवर लोंबत होता.

"बारा वर्षं माझ्या दुधावर तुझा दंड पोसलाय," तो म्हणाला. "बाटला आसंल, तर आदी त्यो तोड. मग माझा दुसरा हातबी मोड."