जाईवर चाललेला कोयता

माझ्या सासूबाईंना जाई फुलवता येत नव्हती, नुसती पोसता येत होती. तांदळाचं धुवण, उरलंसुरलं ताक, गोठ्यातलं ताजं शेण, सगळं तिच्याच बुडाशी. वेल माजली. मांडवावरून कौलांवर गेली, कौलांच्या फटीत शिरली, आणि पावसाळ्यात माझ्या चुलीवर पाणी टपटपू लागलं. फुलं म्हणाल तर देवापुरतीही नाहीत. मी नवी सून. एकदा धीर करून म्हणाले, ताज्या शेणानं नुसता पाला सुटतो, जुनं लाकूड छाटायला हवं. उत्तर आलं, "मळ्यातलं शहाणपण मळ्यात ठेव."

मळ्यातली तर मी होतेच. नाशिकला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी माझ्या वडिलांचा फुलांचा मळा होता आणि पंचवटीतल्या देवळांना आमच्याकडून फुलं जात. सासरीही दोन पिढ्यांमागे हाच धंदा. पण सन तीसच्या आधी आमचे हे शाळामास्तर झाले, आणि त्या घराला मातीची लाज वाटू लागली.

वडिलांची रीत साधी होती. थंडी सरत आली की जाई कमरेइतकी ठेवून बाकी सगळी कापायची. बुडाची माती ओढून मुळांना चार दिवस ऊन द्यायचं. मग चांगलं कुजलेलं शेणखत, दोन मुठी पेंड, वर भरपूर पाणी. जाई नव्या फुटीवर फुलते. जुन्या काड्या जपणाऱ्यानं पानंच मोजावीत.

त्या वर्षी मला दिवस गेले. घरात गरोदर बाई असली की घरच्या माणसानं झाडावेलीला हत्यार लावायचं नाही, असा आमच्यात दंडक. सासूबाईंनी कोयता माळ्यावर टाकला. माघात त्या भाचीच्या लग्नाला कळवणला गेल्या आणि त्याच दिवशी ह्यांनी तो खाली काढला.

"आता उरकू. पावसाळ्यात पुन्हा चूल विझायला नको."

"अहो, आईंना काय वाटेल? चौथा लागलाय मला."

"खुळचट समजुती! शाळेत पोरांना मी काय शिकवतो मग?"

खोटं कशाला सांगू, मलाही हुरूप आला होता. हे शिडीवर चढले, मी खालून सांगत होते, ही काडी राखा, ती काढा. खत मी माझ्या हातांनी घातलं. लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी काही विचारून केलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. इतकं सुख मला तिथं पुन्हा झालं नाही.

सासूबाई परतल्या तेव्हा हे शाळेत होते. अंगणात उघडं खोड पाहून त्या तिथूनच ओरडल्या, "कुणी केलं हे?" ह्यांना बोलणी बसू नयेत म्हणून मी पटकन म्हणाले, "मी छाटली." त्यांच्याशी खोटं बोलले ते तेवढंच. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं केलंस. मी सांगेन सवडीनं."

पंधरा दिवसांत माझं पोट पडलं.

मी आतल्या खोलीत पडलेली, बाहेर आळीतल्या बाया जमलेल्या. सासूबाई रडत रडत सांगत होत्या, "चौथ्या महिन्यात शिडीवर चढली. वेलीला कोयता लावला. माझ्या घरचा कोंब खुडला मेलीनं." हे तिथंच ओसरीवर होते, त्यांच्या खोकल्यावरून मला कळलं. मी कान टवकारून पडले होते. आता म्हणतील, शिडीवर मी होतो. आता म्हणतील. ते मूग गिळून बसले. मूल गेलं ते दैवानं, असं मी पुढं मनाला समजावलं. ओसरीवर घडलं ते मात्र दैवानं केलं नव्हतं.

श्रावणात जाई अशी फुलली, की सकाळी मांडव पांढरा दिसायचा. सूप भरून फुलं देवळात जाऊ लागली. शेजारणी विचारत, काय घालता हो हिला? सासूबाई सांगत, "ताक." आणि मी वाटेत आले की पदर सावरून बाजूला होत. हळदीकुंकवाला मला आत बसवत, कुणाच्या ओटीला माझा हात लागू देत नसत.

एके सकाळी हे ओंजळभर फुलं घेऊन माझ्याजवळ आले. चेहरा कसा लाडात आल्यासारखा. म्हणाले, "बघ, तुझंच बरोबर होतं गं. छाटली म्हणूनच फुलली. माळ की केसात."

मी फुलं घेतली नाहीत. म्हटलं, "शिडीवर कोण होतं, तेवढं आईंना सांगा. आत्ता सांगा. त्या आतच आहेत."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोल, ऐकू जाईल."